बुधवारचं वजन

माझ्याबद्दल लोकांना फार थोडं ठाऊक असतं. मीच तसं ठेवते. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, विचारलं तरच बोलणारी, आणि बोलली तरी अर्धंच — अशी मी लहानपणापासून आहे. पण न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं, नाही का? मी एक गोष्ट लपवली आहे. आईला ती माहीत नाही, बाबांना नाही. शबानालाही नाही — आणि शबानापासून माझ्या पोटातलं काहीच लपलेलं नसतं, अगदी खरोखरच्या पोटातलंसुद्धा. आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कागलमध्ये एक बाई आहेत. त्यांच्या हातचा शीरखुर्मा एकदा खाल्ला की दुसरीकडचा जिभेला लागत नाही. दर ईदला त्या अख्ख्या गल्लीला तो वाढतात — आणि स्वतःच्या मुलीला मात्र त्याची वाटी देत नाहीत. मला तर मुळीच नाही. त्यांच्या वाटीनं मी मरायला टेकले होते, असं त्यांना वाटतं. त्यांना तसं का वाटतं ते मला माहीत आहे. फक्त मलाच माहीत आहे.

थांबा, सुरुवातीपासून सांगते. सुरुवात आनंदाची आहे — अडचण तीच आहे.

मी तेरा वर्षांची असताना मला क्रोन नावाचा आजार झाला. आतडं आतून सुजतं, त्याला जखमा होतात, पोट पिळवटतं, दिवसातून किती वेळा पळावं लागतं ते सांगायची सोय नसते. वजन उतरतं, उंची थांबते. कोल्हापुरात तांबडा रस्सा पचवता येणं ही माणसात गणलं जाण्याची पहिली अट आहे. तिथं मी मऊ भात आणि ताकावर होते. शाळेत मी कुणालाही काही सांगितलं नाही. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं पोट दुखतं म्हणता यायचं, पण त्यापुढचं म्हणायला माझ्याकडं कुठल्याच भाषेत शब्द नव्हते.

नेहमीची औषधं देऊन झाली. मग आमच्या डॉक्टर मॅडमनी एका नव्या औषधाबद्दल सांगितलं. मोठ्या माणसांना ते दिलं जात होतं, मुलांना कितपत लागू पडतं ते आता तपासायचं होतं. एकाआड एक बुधवारी यायचं, तपासणी, वजन, मग हाताला सुई लावून तासन्‌तास खुर्चीत बसायचं. बाबांनी सही केली. मुलांनीही स्वतःची संमती द्यायची असते, म्हणून मला एक वेगळं पत्रक दिलं. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, वर हसणाऱ्या अस्वलाचं चित्र. मी ते हातात धरून नुसतीच बसले. मला मराठी बोलता यायचं, वाचताना मात्र प्रत्येक जोडाक्षराला ठेच लागायची.

शेजारच्या खुर्चीतली मुलगी बघत होती. काड्यांसारखे हात, दोन वेण्या आणि आवाज मात्र एसटी स्टँडवरच्या कंडक्टरचा.

"वाच की. का डोळं आल्यात?"

मी खरं ते सांगितलं. ती एवढ्या मोठ्यानं हसली की तिच्या अम्मीनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

"अम्मी, हिला इंग्लिश येतंय आन् मराठी न्हाय! आण गं हिकडं."

आणि तिनं मला ते पत्रक वाचून दाखवलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. तुला नको वाटलं तर कधीही नाही म्हण, कुणी रागावणार नाही. तुला जे होतंय ते खरं सांग, बरं वाटत नसेल तर तसंच सांग. तिथं ती थांबली.

"मंजे परीक्षा हाय की काय ही?"

"परीक्षा आहे," मॅडम मागून म्हणाल्या. "पण औषधाची. तुमची नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

ती शबाना. कागलची. तिचे अब्बा ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. माझं नाव मृण्मयी आहे हे ऐकून ती म्हणाली, "एवढं नाव घिऊस्तोवर सलाइन संपंल. मुन्नी." तेव्हापासून मी मुन्नी.

ते बुधवार कसे होते ते तुम्हाला कसं सांगू? जगातली बाकीची सगळी माणसं ज्या गोष्टीला लाजतात ती गोष्ट आम्ही तिथं हवापाण्यासारखी बोलत होतो. शबानानं संडासाचं नाव "हापिस" ठेवलं होतं. "हापिसला जाऊन आलीस? सही झाली?" असं ती भर वॉर्डात ओरडून विचारायची, आणि मी — जी शाळेत पाणी पिताना आवाज होऊ नये म्हणून जपायची — तिथनंच ओरडून उत्तर द्यायची. अब्बांना यायला जमलं की ते फुटबॉलवरनं बाबांशी भांडायचे. आई कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायची आणि चोरून हसायची. अम्मी डबा उघडायच्या. आम्हाला चालेल असं त्यात थोडंच असायचं, पण त्या "वास तरी घ्या गं पोरींनो" म्हणत आमच्या नाकाखालून डबा फिरवायच्या. सलाइनचे स्टँड ढकलत आम्ही शर्यती लावल्या आहेत. सिस्टर ओरडल्या आहेत. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडून तरी ओरडा खाल्ला आणि मला तो पेढ्यासारखा गोड लागला.

सुरुवातीचे काही बुधवार गेल्यावर एक दिवस मॅडमनी समजावलं, की आता लवकरच बघायचं, औषध कुणाला लागू पडतंय आणि कुणाला नाही. पोट किती दुखतं, किती वेळा जावं लागतं, वजन, रक्त — सगळ्याचे मिळून गुण काढायचे. ज्यांना फरक नाही त्यांनी इथून बाहेर पडायचं. त्यांना दुसरं औषध सुरू करू, दुसऱ्या वारी, दुसऱ्या मजल्यावर. "त्यात तुमची काही चूक नसते," असंही त्या म्हणाल्या.

शबाना भरत होती. तिच्या गालांवर रंग आला होता, बांगड्या मनगटावर थांबायला लागल्या होत्या. आणि मी? मी होते तिथंच होते. रात्री उठत होते, पहाटे उठत होते. मला दुसरा वार नको होता. मला दुसरा मजला नको होता.

आता आमच्या अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद. त्यांच्या मते जगातला प्रत्येक आजार म्हणजे वजन कमी असणं. त्यांच्या तालमीतली पोरं स्पर्धेच्या वजनाआधी काय काय करतात याच्या गोष्टी ते रविवारी जेवताना सांगायचे. बहुतेक पोरं उपाशी राहून, घाम काढून वजन उतरवतात. पण एक गडी उलटा निघाला. त्याला वरच्या गटात जायचं होतं. तांब्यावर तांब्या पाणी ढोसून तो काट्यावर चढला, गटात बसला, आणि कुस्तीला उभा राहिल्यावर त्याचं पोट डुचमळायला लागलं. अप्पा उठून त्याची चाल करून दाखवायचे. आम्ही हसून हसून आडवे व्हायचो. मग अप्पा गंभीर व्हायचे. "काट्यावर खोटं बोललेला पैलवान मातीत उघडा पडतोय, पोरी."

मी पहिला अर्धा भाग उचलला. दुसरा सोडून दिला.

पुढच्या बुधवारी वजनाआधी मी कूलरपाशी जाऊन पाणी प्यायले. घोट घोट, पोट तुडुंब होईपर्यंत. सुजलेल्या आतड्यावर पाणी ओतलं की काय होतं ते मी सांगत बसत नाही. काट्यावर उभी राहिले, श्वास धरला. सिस्टरनी आकडा वाचला आणि मॅडमनी टाळी वाजवली. किती वेळा जावं लागतं, या प्रश्नाला मी निम्म्याहून कमी सांगितलं. पोट दुखतं का? नाही. रक्ताचा अहवाल धड चांगला नाही, धड वाईट नाही असा मध्येच लटकला होता. माझ्या पाण्यानं आणि माझ्या "नाही"नं पारडं झुकलं. औषध मला लागू पडलंय असं ठरलं.

दहावीच्या परीक्षेला खिडकीतून कॉपी पुरवणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मी तेच केलं. परीक्षा औषधाची होती, कॉपी मी पुरवली.

एकदाच केलं असतं तर? पण एकदा वाढलेलं वजन पुढच्या वेळी कमी भरून कसं चालेल? दर खेपेला थोडं जास्त पाणी लागायचं. शेवटी शेवटी दीड लिटर. वजन झालं की मी धावत सुटायची — आणि तिथं कुणाला संशयही यायचा नाही, कारण त्या वॉर्डात सगळेच धावत सुटायचे! एकदा शबानानं मला कूलरपाशी पाहिलं. "उंट हाईस काय गं? पुढं वाळवंट लागणार हाय व्हय?" मी हसले. तिला तेव्हाच सांगता आलं असतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या आणि मग मिठी मारली असती. मी हसले आणि ग्लास पुन्हा भरला. ऊस कारखान्यावर गेला की काट्यावर कमी भरतो म्हणून तिचे अब्बा घरी येऊन काट्याच्या सात पिढ्या उद्धारायचे. मी काटा उलट्या बाजूनं मारत होते, त्यांच्या लेकीच्या शेजारी उभी राहून.

आणि आनंद किती झाला! अप्पांनी तालमीत जिलेबी वाटली. दोन पोरं हलगी घेऊन आमच्या दारात आली आणि मी पलंगाखाली लपले. भाजी आणायला गेले तर भाजीवाल्या मावशी म्हणायच्या, "भरलीस की गं दोन किलो!" माझं नाव ज्यांना माहीत नव्हतं त्यांना माझं वजन माहीत होतं. अम्मींनी माझी दृष्ट काढली, शबानाची काढायच्या आधी. आईनं कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणलं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्यांच्यासाठी मी काही केलं नव्हतं. मला बुधवार हवे होते, म्हणून केलं. बाकीचा आनंद मला वर फुकट मिळाला आणि मी तोही घेतला.

मग ईद आली. शबानाकडं जायचं म्हणून मी आठवडाभर नाचत होते. त्या दिवशी पहाटे मी तीनदा उठले होते आणि तिसऱ्यांदा रक्त दिसलं होतं. ते पाण्यात वाहून जाताना मी पाहिलं, हात धुतले, नवा ड्रेस घातला. बाबांनी मला कागलला सोडलं. घरात पन्नास माणसं, अत्तराचा वास, एक शेळी आणि दारातच शबाना — "आली माझी मुन्नी, सरका सरका!" अम्मींनी मला पाटावर बसवलं. डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय, वजनही चांगलं भरतंय, मग एक वाटी चालेल ना, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, चालेल. त्यांनी वाटी दिली. खजूर, चारोळी, बदाम, दुधात विरघळलेली शेवई — मी ती बोटानं पुसून खाल्ली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वाटी. आजही.

उठून उंबऱ्यापर्यंत गेले आणि पडले.

शेजाऱ्यांच्या टेम्पोतून मला कोल्हापूरला आणलं. सगळा रस्ता माझं डोकं अम्मींच्या मांडीवर होतं. त्यांच्या कपड्यांना वेलचीचा वास होता. "मी का दिली गं, मी का दिली," एवढंच त्या म्हणत होत्या. मी शुद्धीवर होते. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळ्यांना वाटलं मी बेशुद्ध होते. मी ऐकत होते आणि गप्प होते.

दवाखान्यात मला काट्यावर तोललं, या वेळी पाण्याशिवाय. मॅडमनी आकडा पाहिला, मग मला पाहिलं. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलंय, असं त्यांनी धरलं. चूक नव्हतं म्हणा — पाणीच गेलं होतं. त्यांनी माझ्याबद्दल नोंद केली, की औषधाचा आधी असर झाला, मग ओसरला. खरं असं होतं की तो कधी झालाच नव्हता. एवढाच फरक. पण कुठल्याशा गावातल्या कुठल्याशा मुलीला हे औषध द्यावं की नाही, किती दिवस वाट पाहावी, हे ठरवताना कुणीतरी अशा नोंदी एकत्र वाचणार. त्यातली एक पाण्यानं भरलेली आहे.

अम्मींना मॅडमनी स्वतः सांगितलं, "ताई, एका वाटीनं असं होत नसतं." अम्मींनी मान हलवली नाही. "सकाळपातूर चांगली हुती की मॅडम. वजन वाढलेलं हुतं. तुमीच सांगितलासा. माझ्या घरात आली आन् पडली." त्यांचा हिशोब बरोबर होता. आकडा खोटा होता, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. आणि ज्या मुलीला माहीत होतं ती पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडली होती.

मला दुसरं औषध दिलं — दुसऱ्या वारी, दुसऱ्या मजल्यावर. काही महिन्यांत मी ठणठणीत झाले. आता तांबडा पचतो, पांढरा पचतो, अप्पांबरोबर पैज लावून मिसळही खाते. शबानाला ते पहिलं औषधच लागू पडलं, आणि तिनं अंग असं धरलं की अप्पा तिला तालमीत घ्यायला निघाले होते. आणि ज्या बुधवारांसाठी मी हे सगळं केलं ते गेले म्हणून काय झालं? शबाना पहिल्याच गुरुवारी कागलहून एसटीनं आली, दुसऱ्या मजल्यावर चढली आणि दारातनं ओरडली, "मुन्ने, ह्या हापिसात पंखा तरी हाय का?" ती येणारच होती. मी पाणी प्यायले नसते तरी ती आली असती.

यंदाच्या ईदला मी गेले होते. पुढच्या महिन्यात शबानाचा निकाह आहे, म्हणून घर माणसांनी फुललं होतं. सगळ्यांसमोर वाट्या आल्या. आमच्या दोघींसमोर दरवर्षीप्रमाणे मूगडाळीची खिचडी आली, वर तूप. शबानानं मला चिमटा काढला. "चल, खालाकडं." शेजारच्या खालाच्या, म्हणजे तिच्या मावशीच्या, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाटीभर शीरखुर्मा चोरायचा, हा तिचा दर ईदचा कार्यक्रम. अम्मींनीच पाठवलेला डबा. आम्ही खात होतो, खिदळत होतो, तिच्या ओढणीवर दूध सांडलं होतं — आणि दारात अम्मी.

त्या रागावल्या नाहीत. शबानाकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, माझी वाटी संपेपर्यंत, आणि संपल्यावरही. दाराची चौकट त्यांनी हातानं धरून ठेवली होती. मी पडते का, ते बघत होत्या. मी पडले नाही. मग त्यांनी माठातून पाणी काढून तांब्या माझ्यापुढं धरला, आणि मी ते प्यायले.

हे मी इंग्रजीत लिहिलं असतं तर लवकर झालं असतं. पण मॅडमना कुठलंही वाचता येतं, अम्मींना मराठीच येतं. तुमच्याबरोबर मॅडमनाही मी हे आज पाठवते आहे, म्हणजे त्या नोंदीपाशी खरं काय ते लिहिता येईल. अम्मींकडं मी स्वतः घेऊन जाणार आहे, निकाहाच्या आधी, शबाना अजून त्या घरात जेवते तोवर. तोंडानं मला जमणार नाही. समोर बसून त्यांना वाचू देणार आहे.

अम्मी, तुमच्या वाटीत काही नव्हतं. खजूर होता, चारोळी होती, दूध होतं. मी तुमच्या घरी आले तेव्हाच आजारी होते, त्याच्या आधीच्या सगळ्या बुधवारीही होते. काट्यावर जे वाढत होतं ते पाणी होतं. टेम्पोत मी जागी होते. तुम्ही म्हणत होता ते सगळं मला ऐकू येत होतं.